एकसष्टावी

मी धडगावच्या पंचायत समितीत बसतो,
जिन्याखालच्या टेबलाशी.
माझ्याकडे शाळा येते ती कागदावर.
तिला भिंत नसते, गळका पत्रा नसतो,
अकरा आकडी नंबर असतो
आणि त्याच्यापुढे पट.

साठपर्यंत दोन गुरुजी.
एकसष्टला तिसरा.
हे मी ठरवलेलं नाही.
मी फक्त बेरीज करतो,
आणि बेरीज मला चांगली येते.

चिंचखोरीपाड्याचा पट एकसष्ट.
एकसष्टावी दिवाली जामसिंग पावरा, इयत्ता दुसरी.
दिवाळीत जन्मली म्हणून दिवाली.
आधारवाल्याला वाटलं, नाव चुकलंय बिचारीचं.
त्यानं दीपाली करून टाकलं,
घाट चढून गेलेला प्रत्येक माणूस
तिथलं काहीतरी सुधारून येतो, तसं.

यंत्र म्हणालं, जुळत नाही.

रेंजसाठी भामरेबाई टेकडीवर चढल्या,
मोहाच्या झाडाखालून फोन लावला.
वाऱ्यात अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही.
'भाऊ, पोर मन्हासमोर बठेल शे,
नही कसी म्हनतस तुम्ही?'
माझीही बोली तीच. आई अजून त्याच बोलीत रागावते.
तरी मी त्यांना मराठीत सांगितलं :
आपल्या स्तरावरून दुरुस्ती व्हावी.
हे वाक्य अहिराणीत होत नाही,
मी नंतर मनात करून पाहिलं.

दुरुस्तीचं केंद्र शहाद्याला.
जामसिंगचा एक रोज बुडाला, गाडीभाडं गेलं,
आणि त्या दिवशी केंद्राला कुलूप.
तीस सप्टेंबर, रात्री बारा.
साठ.

भामरेबाई सेवेत सगळ्यांत मागच्या, म्हणून अतिरिक्त.
नऊ वर्षं पाड्यावर काढलेल्या, पोरांच्या भाषेत भांडू शकणाऱ्या,
अतिरिक्त.

नंदुरबारला सभागृहात पडदा लावला होता.
पडद्यावर रिकाम्या जागा, काही हिरव्या, काही लाल.
लाल म्हणजे रिकाम्या आहेत, पण भरायच्या नाहीत.
त्याला समानीकरण म्हणतात.
पंगत मोठी अन् वरण थोडं,
की सगळ्यांच्या वाटीत पाणी सारखंच पडावं
याची काळजी घेतात, तसं.
(वरच्या पाड्यांना आधीपासून पाणीच येत होतं,
ते गणितात कुठं धरायचं, हे परिपत्रकात नाही.)

बाईंना शहादा रस्त्यावरची शाळा मिळाली.
एसटी दारात थांबते.
लोकांनी अभिनंदन केलं, कुणीतरी पेढे काढले.
पेढा हातात धरून त्या माझ्यापाशी आल्या :
'माझ्या जागी कोण येणार?'
मी म्हटलं, जागाच राहिली नाही बाई,
मग जागी कोण?
मला वाटलं, चांगलं उत्तर दिलं.
घरी जाईपर्यंत वाटत होतं.

जानेवारीत तपासणीला मला वर धाडलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
एक गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेलेले,
दुसरे चार वर्गांना एका ओसरीवर घेऊन बसलेले,
घसा बसलेला.
फळ्याच्या वरच्या कडेला
कुणाच्यातरी गोल अक्षरात शब्दांच्या जोड्या,
डावीकडे पावरी, उजवीकडे मराठी.
पुसायचं राहिलं की पुसलं नाही, मी विचारलं नाही.
माझ्या नमुन्यात तसा रकाना नव्हता.

हजेरी सुरू झाली.
'दिवाली जामसिंग?'
पोरं एका सुरात : 'बार्डोली!'
ऊस तोडायला गेलेल्यांची हजेरी तिथं अशी लागते.
गुरुजी न थांबता पुढच्या नावावर गेले.
पुढचंही बार्डोली.

कुणी म्हणेल, बघा, पोरगी नव्हतीच,
पोर्टलचंच खरं निघालं.
मीही म्हणालो असतो, डबा उघडेपर्यंत.
कळण्याची भाकर, ठेचा.
साताठ पोरं लांब उभी राहून
माझ्याकडे नाही, भाकरीकडे नाही,
माझ्या पेनाकडे बघत होती.

निघताना सवयीनं
ओसरीखालच्या चपला मोजल्या.
आत चव्वेचाळीस पोरं.
चपलांचे एकोणीस जोड, आणि एक नुसती डावी.

पुन्हा मोजल्या.
जुळलं नाही.