उणे पंधरा

लाइट गेली, फ्रीजरची घरघर थांबली,
तेव्हा कळलं समुद्र इतका जवळ आहे.
उणे वीसवरून आकडा चढू लागला.
जनरेटरला डिझेल नव्हतं.

सात कुप्या थर्माकोलच्या डब्यात घेऊन
स्कूटरवरून मिरकरवाड्याला आले.
बर्फाच्या कारखान्यात जैनुद्दीन सोलकर जागा.
"काय गो, सुरमई हाय?"
"नाय चाचा, औषध. म्हणजे, अजून औषध नव्हे."
त्यानं लादी फोडली, वर खडं मीठ ओतलं,
"मिठानं बरफ चिडतो, आणखी गार पडतो."
मला हे पुस्तकातून ठाऊक होतं,
त्याला हातांतून.

कुपीत बघण्यासारखं काही नाही.
तळाशी पांढरट पूट, खडकावर वाळलेल्या लाटेचं असतं तसं.
एकवीस अक्षरं, मोदकांइतकीच,
दोन पेडांचा पीळ.
पेशीत शिरला की एक पेड टाकून दिला जातो,
दुसरा आपली जोडी हुडकत जातो:
यकृताच्या पेशीतला तो एकच निरोप.
वाचला जाण्याआधीच मधोमध कापतो.
जनुक आपल्या जागी, बोलतंच आहे,
पुढे पोचत नाही, एवढंच.

त्या निरोपातून घडणारं प्रथिन
भार्गवकाकांच्या अंगात चुकीचं दुमडतं,
वर्षानुवर्षं साचतं, नसांवर, काळजावर,
भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते तसं.
होडी टेकली तर भरतीची वाट बघता येते.
काकांना भरती नाही.
आधी बोटं गेली. जाळ्याची गाठ बसली की नाही कळेना,
दातांनी तपासायला लागले.
मग पाय. एक वहाण पुळणीत राहिली,
आणि ते तसेच घरापर्यंत चालत आले,
काकूनं विचारलं तेव्हा खाली बघितलं.

गाळ उपसणं वेगळं.
इथे नदीलाच सांगायचं आहे, जरा कमी आण.

परवा म्हणाले, "मला कधी टोचतेस?"
मी कुपीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली:
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.
त्यांनी ती चिमटीत धरली,
धरली आहे ना, हे डोळ्यांनी पाहिलं.
"पडली तर सांग गो."

उणे तेरा. उणे पंधरा.
सोलकर पैसे घेईना, "मासा नाय ना त्यात."
ट्रॉलर लागायला अजून तास होता.
मी बर्फात हात घालून कुप्या मोजत बसले,
बोटांना सात लागेपर्यंत,
मग सहा,
मग काहीच लागेनासं झालं
तरी.