श्रेणी साडेचार

एर्लेंडने ती रात्री दोन वाजता घेतली,
स्वयंपाकघरात, चष्मा कपाळावर चढवून;
योकोहामात तेव्हा सकाळचे अकरा, लिलाव रंगात.
पडद्यावर गाडीची आकृती, वरून पाहिलेली,
दवाखान्यातल्या तक्त्यासारखी,
आणि जागोजागी बारीक खुणा:
इथे ओरखडा, इथे नखाएवढा पोचा,
मागच्या सीटवर सिगारेटचा एक डाग.
श्रेणी साडेचार.
"आपल्याला कोणी साडेचार देईल का गं?"
मी म्हटलं, मला देतील.
तुझा गुडघा पाहता तुला तीन.

फायदे त्याने पाकिटाच्या पाठीवर लिहिले होते.
बावीस वर्षांची, पण एका म्हाताऱ्याच्या हाताखालची,
बाजारापर्यंत आणि परत.
झोपायला गादी, पडदे, वीतभर ओटा.
स्टिअरिंग आपल्याच बाजूला.
खालून गंज नाही,
आणि ऑर्कनीच्या खाऱ्या वाऱ्यात
बिनगंजाची गाडी म्हणजे उंबराचं फूल.
तोटे लिहायला पाकिटावर जागा उरली नाही.

ते टपालाने आले, एकेक करून.
जहाजभाडं. जकात. जकातीसकट सगळ्यावर कर.
मागे धुक्याचा दिवा नाही, लावून घ्या.
काटा किलोमीटर दाखवतो, आमचे पोलीस मैल मोजतात.
रेडिओ नव्वदच्या वर चढत नाही
आणि बेटांच्या बातम्या त्र्याण्णववर,
त्यामुळे कोण गेलं ते आम्हाला
दुकानात पोचल्यावर कळतं.

मग विमा.
पहिल्या कंपनीच्या संगणकात ती नव्हतीच,
म्हणजे जगातच नव्हती.
दुसरीकडच्या पोराने विचारलं, गाडीत काही बदल?
खरं सांग, मी खूण केली.
एर्लेंडने दिव्यापासून पडद्यांपर्यंत सगळं सांगितलं.
हात दाखवून अवलक्षण.
हप्त्याचा आकडा ऐकून तो खाली बसला:
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि मसाला दर वर्षी नवा.

तिसरी इन्व्हरनेसची, श्रीमती टुलॉक.
चोरीला गेली तर केवढ्याची धरू?
"बेटावरून नेणार कुठे? बोटीच्या
तिकीटखिडकीत माझी मेहुणी बसते."
ती खूप हसली. पण रकाना रिकामा चालत नाही.
आठ फोटो पाठवले, सिगारेटच्या डागासकट,
आणि किंमत ठरली, लेखी, दोन्हीकडच्या सहीने.
आमच्या लग्नातही इतकी स्वच्छ बोलणी झाली नव्हती.

फेब्रुवारीत ट्रकमागून खडा आला, पुढची काच गेली.
विम्याने पैसे दिले, पहिले तीनशे पौंड सोडून.
काच देणं विम्याच्या हातात नव्हतं.
ती नागोयाहून यायची होती; नऊ आठवडे
आम्ही शेजारच्या फ्लेटच्या ट्रॅक्टरवरून चर्चला गेलो.

चावी फिरवली की एक बाई बोलते,
जपानीत, अदबीने, एकच वाक्य.
"तुम्हालाही शुभ सकाळ," एर्लेंड म्हणायचा.
वर्षभर म्हणाला.
मग उन्हाळ्यात समुद्रपक्षी मोजायला आलेली तोमोए
आमच्या गाडीत बसली, ऐकून तोंडावर हात ठेवला:
ती म्हणतेय, कार्ड घातलेलं नाही.
तिकडच्या टोलनाक्याचं कार्ड.

यंदाच्या कागदावर चालक म्हणून माझं एकटीचं नाव.
त्याच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनीच लिहून दिलं.
हप्ता चक्क ऐंशी पौंडांनी उतरला.
"बघ," तो म्हणाला, "माझ्याशिवाय स्वस्त."
मी उत्तर दिलं नाही, पट्टा ओढून दिला.
आता तो डावीकडे बसतो, काठी गुडघ्यांमध्ये,
आणि मला खड्डे सांगतो, जे त्याला दिसत नाहीत
पण पाठ आहेत.

चावी फिरते. बाई बोलते.
"शुभ सकाळ," एर्लेंड म्हणतो.
मी ब्रेक सोडते.