दुप्पट पॉइंटांचा मंगळवार

राजेशमला सगळे नियम पाठ आहेत.
मंगळवारी पॉइंट दुप्पट. शनिवारी जायचंच नाही,
शनिवारी साध्या कार्डाला कुणी विचारत नाही.
बुधवारी बायकांना प्रवेश माफ
(हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही).
जेवण फुकट, ते आधी, पोटभर.
दारूही फुकट, तिला शिवायचं नाही.
कूपनाच्या चकत्या तेवढ्या खेळायच्या
आणि स्वतःच्या पैशाला हात लागायच्या आत
उठायचं.

हे सगळं पहाटे चारला,
पाचव्या दिवशी आलेल्या पाण्याचा पाइप धरून.

मंगळवार म्हणजे सोमवारी रात्री
सात रस्त्यावरून गोव्याची बस.
डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी,
कारण बस पोचते सकाळी
आणि फुकटचं जेवण दुपारी बाराला.
मधले तास तो नदीकाठच्या बाकावर काढतो.
जहाज समोरच, दिवसा अगदी साधं दिसतं म्हणे.
इस्त्रीचा शर्ट पिशवीत वेगळा.

मी टॉवेलच्या कडा शिवते, डझनावर.
हिशेब मलाही येतो.
बसचं जाणं-येणं, दोन पाळ्यांचा खाडा,
आणि एका खेपेचे पॉइंट एकशे साठ.
पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दिलं.
त्यानं बराच वेळ बघितलं.
"बेरीज बरोबर आहे," म्हणाला,
आणि इस्त्री तापवायला ठेवली.
विड्या वळता वळता सासूबाई तेलुगूत काहीतरी बोलल्या.
ते मी इथं लिहीत नाही.

एक जूनला सकाळी मेसेज आला:
प्रिय राजेशमजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा,
आजपासून आपण सिल्व्हर.
एक जून ही तारीख शाळेत मास्तरांनी घातलेली.
तरी त्यानं तो मला दाखवला, आईला दाखवला,
समोरच्या येमूलांच्या दारात उभं राहून मोठ्यानं वाचला,
'जी' वर थोडं थांबून.
बावीस वर्षं एकाच शेडमध्ये माग चालवतो,
शेठ अजून बत्तीस नंबर म्हणतात.
दिवाळीला सोनपापडी,
आणि डाग पडून परत आलेली एखादी चादर.

मग मार्चअखेर. पॉइंट एकतीसला मरतात.
चार हजाराला चाळीस कमी.
त्या खेपेला माझ्या भिशीचे पैसे गेले.
नियम मोडला नाही, तो म्हणाला,
ते त्याचे स्वतःचे कुठं होते?

परत आला तो रिबिनीची पेटी घेऊन.
पेटीत चंदनाचा साबण, एक कप,
आणि पांढरा, जड, अंगाएवढा टॉवेल,
कोपऱ्यात सोनेरी दोऱ्यानं जहाज.
पोरगी गालाला लावून म्हणाली, किती मऊ.
मी उलटा केला. सवयच ती.
कडेला दुहेरी दुमड, शेवटी टाका दोनदा मागे.
माझाच असेल असं नाही,
आमच्या ओळीत अकरा जणी तशाच शिवतात.
राजेशमनं दोन बोटांत कड धरली,
फासे मोजल्यासारखे केले,
आणि मागाचा नंबर सांगितला.
बत्तीस नव्हता. शेजारचा, एकतीस.
त्याला जरा वाईट वाटलं असावं.

तीन दिवस टॉवेल पेटीतच होता.
चौथ्या दिवशी सासूबाईंनी तो भिजवून
तेंदूच्या पानांवर टाकला.
पानं छान ओली राहतात, म्हणाल्या, मराठीत.

तेवढ्यात फोन वाजला.
अभिनंदन राजेशमजी, गोल्डसाठी आता फक्त सहा हजार.
त्यानं फोन पालथा ठेवला.
थोड्या वेळानं
सुलटा.