एकतिसावा चौकोन

माझ्या वहीच्या प्रत्येक पानाला एकतीस चौकोन.
रोज पाच सेडी, रोज एक फुली.
महिना भरला की तीस फुल्यांचे पैसे ज्याचे त्याला,
एकतिसावी फुली माझी.
व्याज नाही, पावती नाही. उन्हातान्हात पायपीट
आणि वही भिजू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी.
बावीस वर्षं. केटाचा बाजार मला नावानं नाही,
सायकलच्या घंटीनं ओळखतो.

बाजाराच्या दिवशी आक्राहून एक मुलगी आली, सित्सोफे.
टेबल मांडलं, टेबलावर पातळ पांढरी कार्डं.
"हे बँकेचं कार्ड नव्हे," ती म्हणाली, "हा पैसाच.
मध्यवर्ती बँकेचा रोकडा, कागदावाचून."
नेटवर्क लागत नाही, खातं लागत नाही,
कार्डाला कार्ड टेकवलं की झालं.
चाचणी आहे, तीन महिने.
जमलं तर देशभर. नाही जमलं तर –
तिनं वाक्य तिथंच सोडलं.

म्हातारी कोसीवा मिठाच्या ढिगामागून बोलली,
"माझ्या तरुणपणी पन्नासची नोट एका रात्रीत मेली.
माझ्या उशीत होत्या चाळीस.
त्या निदान चुलीत घालता आल्या.
हे मेलं तर काय जाळू?"

माझं डोकं दुसऱ्याच हिशोबात.
सेडी म्हणजे कवडी, हे शाळेत शिकलो होतो.
कुठल्या तरी दूरच्या समुद्रातल्या कवड्या,
जहाजांच्या बुडाशी वजनाला भरून आणलेल्या.
इथल्या किल्ल्याच्या दारात त्यांनी माणसं मोजली.
मग नाणी आली, मग राजाचं तोंड जाऊन आपली माणसं नोटेवर आली,
शून्यं वाढली, शून्यं कापली.
प्रत्येक वेळी कुणीतरी टेबल मांडून सांगितलं,
आता हे खरं.

दुपारी वीज गेली. पाठोपाठ टॉवर.
लोमेहून आलेल्या व्यापाऱ्याचे पैसे फोनमध्ये अडकले,
तो फोन उंच धरून
आभाळाला दाखवत हिंडत राहिला.
आक्पेनेनं धुरानं काळवंडलेले हात पुसले,
खानावळवालीच्या कार्डाला आपलं कार्ड टेकवलं.
टिक.
दोन टोपल्या मासळीचे पैसे तिकडचे इकडे.
सगळा बाजार वाकून बघत होता.
माझ्याही तोंडून निघालं, वा.

संध्याकाळी ती माझ्यापाशी आली,
कमरेच्या कापडाची गाठ सोडत, रोजच्यासारखी.
हळूच म्हणाली, "आग्बेको, त्या कार्डावर नाव कुणाचं?"
"तुझं."
"आणि तुझ्या वहीत?"
वही उघडायची गरज नव्हती. दोघांनाही पाठ होतं.
सतराव्या पानावर नाव नाही, नुसता मासा काढलाय,
सहा वर्षं.
तिच्या नवऱ्याला तो मासा माहीत नाही.
मुलीच्या नर्सिंगची फी
त्या माशाच्या पोटात आहे.

हे मी सित्सोफेला सांगितलं, नाव न घेता.
तिनं टिपून घेतलं. कागदावर, पेननं.
"वर विचारते," म्हणाली. थोडं थांबली.
"कोण काय बघू शकतं, ते मलाही नीट माहीत नाही."
बावीस वर्षांत सरकारी टेबलामागून
माहीत नाही, हे पहिल्यांदा ऐकलं.
तेवढ्यासाठी मी एक कार्ड घेतलं.

आता आक्पेने दिवसाचा धंदा कार्डावर करते
आणि सांजेला पाच सेडी, रोख, चुरगळलेले,
माशाच्या वासाचे, माझ्या हातावर ठेवते.
मी फुली मारतो.
कोसीवा दोघांकडे बघून मीठ मापत राहते.

कालपासून भरतीचं पाणी बाजाराच्या पायरीला लागतंय.
वही पिशवीत घातली, तोंड दोनदा बांधलं.
कार्डाला पाणी लागलं तरी चालतं, असं ती म्हणाली होती.
पिशवी सोडली,
तेही आत ठेवलं.