मधपेटीचं झाकण

दिवसा मी दात बनवतो.
लारिसात, मासळीबाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर.
लोक विचारतात, पांढरा म्हणजे पांढराच ना?
मी त्यांच्यापुढे सोळा पांढरे मांडतो :
कॉफीचा, सिगारेटचा,
चाळिशीनंतर हसायचं सोडलेल्याचा.

रात्री विमान.
एकोणीसशे चाळीसचं, पोलंडात घडलेलं,
आमच्या हवाई दलात लढलेलं.
पंख मुळाशी असे वाकलेले,
जणू खांदे उडवून म्हणतंय, मला काय विचारता!
त्रिकोणाला त्रिकोण जोडत
अकरा महिन्यांत स्क्रीनवर सांगाडा उभा केला.
पत्र्याची पन्हळ न् पन्हळ मोजली,
रिव्हेट टोचले एकेक, तीन हजारांच्या वर.
दोरोथेआ म्हणाली, आपल्या लग्नातली माणसं
तू एकदाही मोजली नाहीस.

चाकांना चिखल दिला, धुराड्याला काजळी.
कॉकपिटच्या डाव्या काठावरचा रंग मुद्दाम उडवला,
माणूस रोज तिथेच तळहात टेकून
आत चढत असणार.

अडलं ते हिरव्यापाशी.
फोटो सगळे काळेपांढरे.
त्यात हिरवा ही एक राखाडी, तपकिरी ही तिची शेजारीण,
ऊन फिरलं की दोघी घरं बदलतात.
शेवाळी म्हणावा? मातकट?
ओल्या पिस्त्याच्या सालीचा?
क्राकूवचा ल्युबोमिर लिहितो, अजून काळपट कर.
पात्रासचा एक निवृत्त कस्टमवाला
आईची शपथ घालतो, अजून पिवळा.
बघितलेला कुणीच नाही.

मार्चमध्ये कालांबाकाच्या वर, डोंगरात गेलो,
एका कवळीचं माप घ्यायला.
एव्हान्थिया, वय एक्याण्णव.
तोंडात साचा, बोलता येईना,
आणि बाई सारखी अंगणाकडे बोट करतेय.
शेळी घेवड्यात शिरली होती, एवढंच.
पण शेळीच्या मागे मधमाश्यांच्या चार पेट्या,
तिसरीवर पत्र्याचं झाकण. पन्हळी.
मी बोटांनी मोजल्या.
माझ्याच निघाल्या.

साचा सुटल्यावर म्हणाली :
पडलं तेव्हा मी सात वर्षांची.
बापाने हे बर्फातून ओढत आणलं, खेचराला बांधून.
माणूस दुसऱ्या कुणी आणला.

रंग कसला होता, आजी?
तिने मान मागे टाकली, भुवया वर.
आमच्याकडे याचा अर्थ नाही,
माहीत नाही, आणि आता पुरे, असा सगळाच होतो.
सोबत जिभेचा जो च्क् लागतो
तो दातांवाचून उमटला नाही.

झाकण मीच पालथं केलं.
बापाने रंगाची बाजू आत ठेवली होती.
मेण, राळ, त्यात रुतलेले माश्यांचे पंख,
ऐंशी वर्षांचं घरकाम.
नखाने खरवडलं.
खाली हिरवा.

खिशातली दातांची पट्टी काढून शेजारी धरली,
निव्वळ सवयीने.
सावलीत फोटो घेतला, उन्हात घेतला,
ढग आला तेव्हा घेतला. तीन हिरवे.
शिवाय पिवळेपणा मुळातला
की मेणाने चढवलेला?
पत्रा काही बोलला नाही.

मी ढगातला निवडला.
का, ते सांगता येणार नाही.
शनिवारी विमान सिम्युलेटरमध्ये सोडलं.
ब्राझीलच्या कुण्या पोराने
पहिल्या चाळीस सेकंदांत पाडलं,
वर कळवलं : धूर फार सुंदर केलायस.
धुरावर मी एक संध्याकाळ घालवली होती.
हिरव्यावर तीन वर्षं.

झाकण अजून माझ्या टेबलावर आहे, दिव्याखाली.
खोलीला मधाचा वास येतो,
दोरोथेआ आता दार लावून घेत नाही.
काल एव्हान्थियाचा फोन आला :
खालची कवळी टोचते, डावीकडे.
आणि तो तुझा लाकडी तुकडा वाऱ्याने उडतो,
माझं झाकण आण, माश्या गारठल्यात.

गुरुवारी येतो म्हटलं.
कानस घेऊन. आणि झाकण.
कुठली बाजू आत ठेवायची
ते तिलाच विचारेन.