खर्चाचा तपशील

रोजचा खर्च रोज लिहायचा असतो, विहित नमुन्यात.
एकतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो,
म्हणून वही माझ्याकडे आली.
सुटे पैसे आणि खोटी कारणं
मला अंधारातही ओळखू येतात.

पंचफुला मडावीनं चिन्ह मागितलं होतं पाना.
चौदा गावांचे हातपंप तिनं पान्यानंच उघडलेत,
उजव्या तळव्याला त्याचा घट्टा आहे.
चिठ्ठीत निघाली बादली.
"बादली तं बादली," ती म्हणाली,
"पंपाखाली तेच ठेवतेत नं लोकं."

प्रतापराव गावंडेंचे फ्लेक्स फाट्यापासून सुरू होत,
नाल्यापर्यंत तेच हसू, सतरा वेळा.
तीन गाड्या, वर भोंगे, मागे धूळ,
आणि धुळीच्या मागे आम्ही:
दोन सायकली, एक लुना,
डोक्यावर बादली घेतलेली तिची सून.
लुनाचं पेट्रोल, दोनशे.
भिंतींसाठी चुना आणि नीळ, एकशे ऐंशी.
चहा लिहिला नाही. चहा लोकांनीच पाजला.

खैरखेड्यात नववीतल्या पोरानं भिंतीवर बादली काढली,
तिरपी आली, सांडत असल्यासारखी.
रात्री कोणीतरी तिच्यावर गेरू फासला.
सकाळी त्या घरच्या बाईनं
आमच्याशी एक शब्द न बोलता
तिथंच खिळ्याला खरी बादली टांगली.
ही कोणत्या रकान्यात लिहू?

आदल्या रात्री टोल्यावर एक गाडी फिरली, दिवे विझवून.
कुठं थांबली, किती वेळ, मला माहीत आहे.
कंडक्टरला थांबे पाठ असतात.
पाकिटं घेतली लोकांनी. काहून नाही घेणार?
"घेतले," गिरजाबाई नेहारे तोंडावर म्हणाली,
"आमचेच होते, फिरून आले.
मत कोठी टाकीन ते तुले नाही सांगत."
मी तिला दोष दिला नाही.
भरवसाही धरला नाही.

मतदानाला शाळेत आक्षेप आला.
टाकीजवळ एक बादली होती, शाळेचीच, कडी तुटलेली,
पोरं तिनं झाडांना पाणी घालत.
गावंडेंचा एजंट उठून उभा: हा प्रचार आहे!
केंद्राध्यक्षांनी घाम पुसला, पुस्तिका चाळली,
शेवटी शिपायानं तिच्यावर तुरीचं रिकामं पोतं टाकलं.
मग काय.
रांगेतली प्रत्येक बाई पोत्याकडे पाहून विचारी,
खाली काय झाकलं बाप्पा?
आणि कोणीतरी सांगे.
पंधरा दिवसांत आमचा एवढा प्रचार झाला नव्हता,
पोतंसुद्धा आमचं नव्हतं.

मोजणी तहसीलच्या गोदामात.
तिसऱ्या फेरीपर्यंत आम्ही पुढं होतो,
चौथीत जिनिंगचं गाव निघालं.
मी आकडे मांडत राहिलो, हात थांबला नाही.
सदतीस मतांनी पडलो.
सदतीस म्हणजे एक एसटी,
उभं कोणी नाही, मागची सीट रिकामी.
अजून झोपताना ती गाडी दिसते मला,
आणि मी एकेक चेहरा पाहत मागं जातो,
तिकीट, तिकीट.

महिन्याच्या आत हिशेब द्यावा लागतो.
पंचफुला आली नाही,
जिनिंगच्या गावातला पंप बंद पडला होता, साखळी तुटलेली.
एकूण नऊ हजार चारशे दहा.
बाबूनं चष्मा वर केला.
"एवढ्यात कोणी लढते का? वाढवून आणा,
साहेब मानणार नाहीत."

बाहेर व्हरांड्यात गावंडेंचा मुनीम बसला होता,
मांडीवर जाडजूड फाईल, सुतळीनं बांधलेली.
जवळ सरकला, आवाज खाली घेतला.
"खरं सांगा, किती लागले?
सदतीसवर आणलं तुम्ही आम्हाले."
मी वही त्याच्या हातात दिली.
त्यानं वाचली. पुन्हा वाचली.
मग उलटी धरून मागच्या बाजूनं चाळत राहिला,
बाकीची पानं शोधत.