स्टँडबाय

गोंदूरच्या धावपट्टीवर, सकाळी सव्वासहाला,
आधी बॅटरी, मग इंजिन, मग एव्हिऑनिक्सचं बटण.
क्रम चुकवायचा नाही.
इंजिन उचलताना विजेचा झटका बसतो, रेडिओ जळतो
आणि निकुंभ सर आठवडाभर
त्याची किंमत पाढ्यासारखी म्हणून दाखवतात.

रेडिओला दोन खिडक्या.
डावीत चालू फ्रिक्वेन्सी, उजवीत थांबलेली.
मधला बाण दाबला की दोघी जागा बदलतात,
कसलाही आवाज न करता.
इतकंच.
एवढंसं शिकायला मला अकरा तास लागले
आणि अजून आलंय असं म्हणवत नाही.

जीपीएसला एकात एक दोन चक्रं.
बाहेरचं पुढच्या घरात नेतं, आतलं अक्षर बदलतं.
विमान हललं, बोट घसरलं, एक अक्षर चुकलं,
की तो तीन हजार मैलांवरचं कुठलंसं विमानतळ दाखवतो
तितक्याच गंभीर चेहऱ्यानं.

अमळनेर त्याच्या यादीत नाही.
धावपट्टी नाही, म्हणजे गावच नाही.
काल हँगरात बसून मीच ते घातलं,
अक्षांश, रेखांश आणि पाच अक्षरं:
अल्फा, माइक, लिमा, नोव्हेंबर, रोमिओ.
मोठ्यानं म्हणून बघितलं.
लिंबाजी मेकॅनिक पाना पुसत म्हणाला,
हे कोणत्या देशात येतं?

आई तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती,
ट्रंककॉल बुक करायच्या काळात.
डोक्यावर पितळी पट्टीचा हेडफोन, समोर भोकांची भिंत.
नंबर ऐकायचा, तोच परत म्हणायचा, मग दोरी खोचायची.
पारोळा लागत नाही, धरून ठेवा.
मी पहिल्यांदा एकटी उडणार म्हटल्यावर
तिनं एकच विचारलं, तठे बोलाले कोन रास?
आणि मग, पहिले आयकी ले, मंग बोल.

सरही हेच सांगतात, जरा रागावून.
बटण दाब. श्वास घे. मग बोल.
घाई केलीस तर तुझ्या नावाचं पहिलं अक्षर
तुझ्या तोंडातच राहतं.

पारोळ्याचा किल्ला उजव्या पंखाखालून गेला,
बोरीचं कोरडं पात्र गेलं,
आणि पडद्यावरची गुलाबी रेघ पुसली गेली.
उपग्रह अपुरे.
ठीक. होकायंत्र आहे, घड्याळ आहे,
खाली महामार्ग आहे, त्यावर कापसाचे ट्रक.
जळगाव टॉवर, लिमा किलो.
काही नाही.
जळगाव टॉवर, लिमा किलो.
आवाज वाढवला. खरखर मोठी झाली.
हेडफोनची पिन काढून परत खोचली.
तळहात ओला, मांडीला पुसला.
तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा माझा आवाज
मलाच ओळखीचा वाटला नाही.

मग मागून, खूप मागून, तुटत तुटत,
गोंदूरहून, चहा पिता पिता बोलल्यासारखं:
लिमा किलो, उजवी खिडकी बघ.

जळगाव तिथेच होतं.
उजवीकडे. थांबलेलं. मी न बोलावता बसलेलं.
इतका वेळ मी गोंदूरलाच जळगाव म्हणून हाक मारत होते
आणि सगळा क्लब ऐकत होता.

बाण दाबला.
लिमा किलो, पोझिशन सांगा.
दाबलं. श्वास घेतला.
पडद्याकडे बघितलं नाही, खाली बघितलं.
अंजनीचं धरण, तव्यासारखं चकाकत.
एरंडोल, तीन हजार फूट, म्हणाले,
आणि पहिलं अक्षर कुठेही सांडलं नाही.

रेघ परत आली ती यानंतर, निवांत,
पाहुणा जेवणं उरकल्यावर यावा तशी.
डाव्या कोपऱ्यात, मागे पडत चाललेली, पाच अक्षरं.

इंधनाच्या पिंपाला टेकून फोन लावला.
कोठे शेस?
उतरले. जळगाव. सात बावीस.
उतरनी, ती म्हणाली. जळगाव. सात बावीस.
लिहून घेत असावी. पेन घासल्याचा आवाज आला.
मग दोघी गप्प.
फोन मीच ठेवला.
ऑपरेटर आधी लाइन सोडत नाही.